अराबाची कबुली

लॉरीच्या पाठीवर मंच मांडून आमची मंडळी घानाच्या किनाऱ्यावर गावोगाव फिरायची, आणि मी बायकांच्या भूमिका करायचो. काय दिवस होते ते. खोटं रडणं तेव्हापासून मला लांबूनही ओळखता येतं. पास्टर अमिसाइतका भिकार रडणारा नट मी कुठल्याच मंडळीत पाहिला नाही. पण गोष्ट त्याची नाही, माझ्या भाचीची आहे.

अराबा केंकी विकायची. मक्याचं पीठ आंबवायचं, केळीच्या पानात बांधून उकडायचं आणि होड्या लागायच्या आत बंदरावर नेऊन बसायचं. नवरा कोबिना मासेमारीवर जायचा. दोन पोरी होत्या, आणि त्यांच्या पाठचा एक मुलगा. तो तापाने गेला. अराबा रडली नाही, काम करत राहिली. मग हळूहळू पीठ भिजेना. ती जेवेना, झोपेना, केसांना फणी लावेना. शेजारणींनी निदान केलं, "आळस चढलाय बाईला."

एके दिवशी ती सासूला म्हणाली, "मी वाईट आहे. पोराला मीच खाल्लं."

संपलं. चेटकीण पोराला आतून खाते हे आमच्याकडे शाळामास्तरालाही पाठ असतं, त्यामुळे पुढे डोकं चालवायची कुणाला गरज पडली नाही. पिचलेलं मन स्वतःवर आळ घेतं, हे त्या शहाण्यांच्या गावीही नव्हतं. रविवारी अमिसाने चर्चमध्ये तिच्याकडून तेच लाउडस्पीकरवर वदवून घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर गावाबाहेरच्या त्याच्या प्रार्थनेच्या वाडीत तिला आंब्याला साखळीने बांधलं, उपाशी ठेवलं. कोबिनाने पोरी स्वतःच्या आईकडे नेल्या.

मला कळलं तसा मी तिथे गेलो.

"आत्मा गेला की साखळी सुटेल, आजोबा," अमिसा म्हणाला.

"अक्कल आली की लवकर सुटेल. किल्ली आण."

"नवऱ्याने आणून दिलंय तिला."

"आपल्यात बाई नवऱ्याच्या कुळाची नसते, आईच्या कुळाची असते. त्या कुळात मोठा आता मीच. उघडतोस, की इथे बसून रोज तुझी नक्कल करू? तुझी सगळी गर्दी माझ्याकडे येईल."

गर्दीची किंमत त्याला बरोबर कळत होती. त्याने कुलूप काढलं.

सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांची नर्स होती, डेदे. तोंडाने फटकळ. झोप किती, भूक किती, मरावंसं वाटतं का, सगळं तिने सरळ विचारलं.

"मी बरी व्हायच्या लायकीची नाही," अराबा म्हणाली.

"हे तुझा आजार बोलतोय. मलेरियात अंग तापतं ना? तसं यात मन स्वतःलाच दोष देतं. याला नैराश्य म्हणतात, चेटूक नाही."

"गोळीने पोर परत येईल?"

"नाही. झोप येईल. मग रडू येईल. ते यायलाच हवं."

गोळ्यांनी आधी नुसतं तोंड कोरडं पडलं. मी वैतागलो, तर डेदेने मलाच झापलं, की हे औषध सावकाश चढतं, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नसतं. दर आठवड्याला ती अराबाला समोर बसवून बोलतं करायची. एका सकाळी अराबा मुलाचं नाव घेऊन मोकळी रडली. दुपारी तिने पोरी मागितल्या.

कोबिनाने अट घातली. "पास्टर म्हणतात, तिने सगळ्यांपुढे साक्ष द्यावी. मी चेटकीण होते, प्रार्थनेने सुटले, असं म्हणावं आणि गोळ्या वेदीपुढे फेकाव्या. रीतच आहे ती."

"होडीचं इंजिन चालू झालं की तेल समुद्रात ओततोस का रे?" मी विचारलं.

घरी मी अराबाला म्हणालो, "म्हणून टाक ते वाक्य. पोरी घे. मी जन्मभर खोटंच बोललो मंचावर, काय झालं?"

"मामा, ते वाक्य मी एकदा खरं मानलंय. परत तोंडात घेतलं तर आत उतरेल."

रविवारी ती चर्चमध्ये उभी राहिली. "माझं पोर तापाने गेलं. मी त्याला खाल्लं नाही. मी आजारी होते. गोळ्या घेते, पुढेही घेणार आहे."

अमिसाने ढोलवाल्यांना खूण केली. बिचाऱ्याचं सगळं कौशल्य तेवढंच. ढोल थांबले की अराबा तेच पुन्हा म्हणायची. शेवटी ढोलवालेच ओशाळले.

कोबिना उठला. तो तिला ओढून बसवणार असं मला वाटलं. त्याने आईच्या मांडीवरची धाकटी उचलली, थोरलीचा हात धरला आणि तो बाहेर पडला. आम्ही मागोमाग गेलो. चर्चच्या भिंतीला टेकून तो थांबला.

"तू पोराला दवाखान्यात नेऊ या म्हणत होतीस," तो अराबाला म्हणाला. "मीच म्हणालो, उतरेल ताप. तू दोष स्वतःवर घेतलास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं."

त्याच्यासाठी माझ्याकडे शिव्या तयार होत्या. जुन्या नाटकांतल्या, ठेवणीतल्या. पण अराबाने धाकटीला त्याच्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "मंगळवारी होड्या बंद असतात. डेदेबाईंकडे माझ्याबरोबर तूही ये."