उजव्या कानाच्या वर

"परत उजवीकडेच?" साहेबांनी ग्राफवरची नजर न काढता विचारलं.

"परत उजवीकडेच," मी म्हटलं.

मशीनखालच्या लोखंडी ऐरणीवर काळ्या मखमलीचं हेल्मेट आडवं पडलं होतं. बाहेरून साधा ओरखडाही नाही. पुढून पास, मागून पास, डावीकडून पास. उजव्या कानाच्या वर मात्र धक्का थेट आत पोचत होता. आणि एकाच हेल्मेटचं नाही, त्या लॉटमधून उचललेल्या प्रत्येकाचं हेच.

नव्वदच्या दशकात मी बनारसजवळच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये नोकरीला होते. घोडेस्वाराच्या हेल्मेटची टेस्ट सांगायला सोपी आहे. धातूचं डोकं घ्यायचं, त्याला हेल्मेट घालायचं आणि ठरलेल्या उंचीवरून ऐरणीवर सोडायचं. डोक्यात सेन्सर असतो. आतपर्यंत किती धक्का पोचला ते तो सांगतो. काही सॅम्पल आधी भट्टीत तापवतात, काही गारठवतात, काही पाण्यात भिजवतात. घोडा काही हवामान बघून पाडत नाही.

डोकं सुटल्यापासून आपटेपर्यंत पापणी लवते न लवते. मला तो वेळ फार लांब वाटायचा. तेवढ्यात मला कुठलंसं ओलं हिरवं कुरण दिसायचं, त्यावर धुकं, आणि घोड्यावरून सावकाश घसरणारी एक मुलगी. तिचा चेहरा कधी दिसला नाही. मी स्वतः घोडे पाहिले ते एक्क्याला जुंपलेले, नाहीतर वरातीतले. हे सगळं साहेबांना सांगायची सोय नव्हती.

हेल्मेटं बाळूदादाची होती. बाळूदादा बनारसमधल्या आमच्याच ब्रह्माघाटाच्या मराठी गल्लीतला. घरात पिढ्यान्‌पिढ्या वेदपाठ, आणि याने गंगेपलीकडे रामनगरला टोप्यांचा कारखाना काढलेला. इंग्लंडचं एक गिऱ्हाईक त्याच्याकडून घोडेस्वारीच्या मखमली टोप्या घ्यायचं. दिसायला देखण्या, डोकं वाचवण्याच्या बाबतीत यथातथाच. मग तिकडे नवीन स्टँडर्ड आलं आणि गिऱ्हाईकाने कळवलं, टेस्ट पास करा नाहीतर माल बंद. बाळूदादाने आत जाड थर्माकोल घालून नवी हेल्मेटं केली. त्याने पहिल्यांदा पाठवलेली सॅम्पल झकास पास झाली. पण नियम असा की माल निघायच्या आधी तयार लॉटमधून आम्ही आमच्या हाताने पुन्हा सॅम्पल उचलायची. ती म्हणजे ही, नापास झालेली.

"मॅडम, तेच सामान, तेच साँचे, तेच कारीगर," बाळूदादा म्हणाला. साहेबांसमोर मी मॅडम, गल्लीत नुसती सुधे.

"मग उजवी बाजू कुणी खाल्ली?" साहेब म्हणाले.

"साहेब, हा लॉट गेला तर कारखान्याला टाळा. मला दुसरं गिऱ्हाईक नाही."

साहेबांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "जाऊन बघा," ते मला म्हणाले. "टाइप नंतर करू."

थंडीचे दिवस होते. होडी घाटावरून सुटली आणि धुक्यात घाटच दिसेनासा झाला. पलीकडचा काठही नव्हता. नावाडी वल्हं मारत होता म्हणून आपण कुठेतरी चाललोय असं मानायचं. मला ते आवडलं. बाळूदादा मात्र सगळा वेळ नखं खात बसला होता.

कारखान्याच्या अंगणात काठ्यांवर मखमली हेल्मेटं वाळत ठेवली होती. कोवळ्या उन्हात ती माणसांविना उभी होती, आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आत करीमचाचा बसले होते. ते मुख्य कारीगर, वय झालेलं, हात अजून पक्का. मी बाजूला बसून त्यांचं काम पाहत राहिले. वरचं फायबरचं कवच, आत थर्माकोल, मग पट्टा. मखमल सर्वांत शेवटी.

मखमल चढवायच्या आधी चाचांनी हेल्मेट कलबुतावर बसवलं. कलबूत म्हणजे टोपी ताणायचं लाकडी डोकं, चांगलं जड. ते त्यांनी दोन्ही हातांनी खांद्यापर्यंत उचललं आणि उंबऱ्याच्या दगडावर सोडून दिलं. धप्प. मनगटाला तशी सवय असावी, हेल्मेट उजव्या अंगावर पडलं. चाचांनी कान देऊन आवाज ऐकला, हात फिरवला आणि ते चांगल्या मालात ठेवलं.

"चाचा, ये क्या किया?"

"जाँच," ते म्हणाले. "बिना ठोके-बजाए माल नहीं देता, बिटिया. किसी के बच्चे का सिर है."

"जो पहले भेजे थे, वो भी ठोके थे?"

"वो तो आप जाँचने वाली थीं. दोहरा काम क्यों करते?"

मडकं वाजवून घेतात, तसं चाचा हेल्मेट घेत होते. पण हेल्मेट वाचवतं ते स्वतः चेंगरून. थर्माकोल दबतो, धक्का पोटात घेतो आणि पुन्हा वर येत नाही. एका हेल्मेटात एकच पडणं असतं. म्हणून पडलेल्या स्वाराने ते टाकून द्यायचं असतं, नवं दिसत असलं तरी. चाचांनी प्रत्येक हेल्मेटातलं ते एक पडणं उंबऱ्यावरच खर्च करून टाकलं होतं.

मी एका हेल्मेटातलं थर्माकोलचं अस्तर बाहेर ओढलं आणि त्यांच्या हातात दिलं. ते त्यावर अंगठा फिरवत गेले. उजव्या कानाच्या वर अंगठा खोलगट जागेत थांबला. मला फार वाईट वाटलं. निष्काळजीपणाने केलेला माल मी खुशाल नापास करत असे, पण हा काळजीपोटी नापास झाला होता.

"इकडे विकून टाकली तर?" बाळूदादा हळूच म्हणाला. "दिसायला नवीच आहेत ना, सुधे. आपल्याकडे कोण विचारतंय ते स्टँडर्ड?" माणूस वाईट नव्हता, घाबरला होता.

चाचांना मराठी येत नव्हतं, पण त्याचा चेहरा वाचायला भाषा लागत नव्हती. त्यांनी मखमल कापायची सुरी घेतली आणि काठीवरचं पहिलं हेल्मेट उतरवून त्याचा पट्टा कापला. मग दुसऱ्याचा. बाळूदादा जरा वेळ उभा राहिला. शेवटी तोही मांडी घालून बसला आणि हेल्मेटं उतरवून देऊ लागला.

गिऱ्हाईक कुरकुरलं, पण नव्या मालासाठी थांबलं. नवा लॉट चाचांनी न ठोकता केला. त्यांना ते अजिबात पटलं नव्हतं. "फिर पता कैसे चलेगा?" ते विचारत. मी सांगायची, सगळी एकसारखी करायची आणि त्यांतली थोडी फोडून बघायची. "और बाकी?" बाकीच्यांवर भरोसा, मी म्हणायची. ते मान हलवत.

टेस्टच्या दिवशी ते इस्त्रीचा कुर्ता घालून लॅबमध्ये आले. धातूचं डोकं सुटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मला त्या वेळी कुरण वगैरे काही दिसलं नाही, मी चाचांकडेच बघत होते. ग्राफची रेघ मर्यादेच्या बरीच खाली राहिली.

"पास," साहेब म्हणाले आणि सहीसाठी पेन शोधू लागले.

चाचा पुढे झाले, ऐरणीवरचं हेल्मेट उचललं, बाहीने पुसलं आणि बगलेत धरून निघाले.

"कहाँ, चाचा?"

"पेटी में रखने. पूरे माल में यही एक है जिसका पक्का मालूम है."

मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि भंगारात टाकलं. आमच्या धंद्यात पास झालेलं हेल्मेट भंगारातच जातं. लोकांच्या डोक्यावर चढतं ते कुणीही न तपासलेलं, आणि सही असते ती त्याच्यासाठी.