चार तासांचं वाळवण

नागापूर एमआयडीसीतल्या एका लहान प्लास्टिकच्या कारखान्यात जयमाला साळवे बारा वर्षं पॅकिंगला होती. ऑपरेटर रजेवर गेला की मशीनही तीच चालवायची, पण कागदावर पॅकिंगच. यंदा मालक काकासाहेबांनी शब्द दिला, "पळायच्या बुटांच्या सोलचं काम मिळालं, की नवं मशीन तुझं."

त्यासाठी नवा दाणा आला. पोत्यावर लांबलचक नाव : थर्मोप्लास्टिक पॉलिअमाइड इलास्टोमर. दिसायला साबुदाणा. रबरासारखा वाकून परत सरळ होतो, बर्फातही ताठरत नाही, वजनाला हलका. दवाखान्यातल्या बारीक नळ्याही याच्या होतात. तापवला की प्लास्टिकसारखा वितळून साच्यात बसतो. खोड एकच, हवेतली ओल पितो. म्हणून आधी चार तास ड्रायरमध्ये वाळवायचा.

इंजिनिअर पार्थनं तासाभरातच ड्रायर बंद केला. सोलचे नमुने पुण्याच्या बूट कंपनीकडे न्यायला टेम्पो बाराला येणार होता.

"मावशी, नगरची हवा ही. इथं प्यायला पाणी नाही, हवेत ओल कुठली?"

दुष्काळी मुलखातल्या माणसालाच सुचावं असलं शहाणपण! पोतं दोन दिवस उघडं पडलेलं जयमालानं पाहिलं होतं.

सोल निघाले. तिनं एक उजेडात धरला. गोगलगाय चालून गेल्यासारख्या चंदेरी रेघा. गप्प बसली असती तर टेम्पो गेला असता, कदाचित मशीनही मिळालं असतं. तिनं सोल काकासाहेबांच्या टेबलावर दुमडला, पुन्हा दुमडला. दहाव्यांदा चिरला.

"साहेब, दाना वला हाय. ह्यो गेला तर काम गेलं."

"आन् टेम्पो रिकामा गेला तर?"

"तरी बी काम जाईल. पर ह्यो सोल नगं धाडाया."

"लई शहानी झालीस!" म्हणत त्यांनी टेम्पो रिकामाच परत पाठवला.

जयमाला दाणा पुन्हा ड्रायरमध्ये ओतून तिथंच स्टूल टाकून बसली. पार्थ दोनदा डोकावला.

"झालं असेल ना?"

"कुरडया केल्यात का कधी घरी? वरनं कडक, मधी वल्या. तळल्यावर कळतं. जावा, च्या प्या."

पाचला सोल निघाले, एकही रेघ नाही. काकासाहेबांनी एक पन्नासदा दुमडला. सोडला की टणकन सरळ. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच एसटीनं पुण्याला घेऊन गेले.

महिन्याभरानं काम आलं. नव्या मशीनच्या फळ्यावर पार्थनं 'ऑपरेटर : जयमाला साळवे' लिहिलं आणि खाली, कुणी न सांगता, 'ड्रायर : चार तास'.

जयमालानं चष्मा सारखा करून दोन्ही ओळी वाचल्या.

"आनि पोत्याचं तोंड बांधायचं. ते बी लिवा."