डबलबाईंची तयारी

रक्त-लघवी तपासायच्या त्या लॅबमध्ये तिला डबलबाई म्हणत. आकडा एकदा आला की नमुना पुन्हा यंत्रात घालायचा, तोच आकडा आला तरच कागदावर उतरवायचा, हा नियम सगळ्यांनाच होता. पाळत फक्त ती होती. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही चुकीचा रिपोर्ट गेला नाही. उशिरा मात्र बरेच गेले.

एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेलाही ती हीच सवय घेऊन बसली. शंभर प्रश्न, दोन तास. प्रत्येक गणित तिनं आधी सरळ सोडवलं, मग उत्तराकडून मागं येत सोडवलं, आणि दोन्ही जुळल्यावरच गोल काळा केला. घंटा झाली तेव्हा त्रेचाळिसावा गोल नुकताच भरून झाला होता. त्यातले बेचाळीस बरोबर आले. प्रवेशाची रेघ साठावर होती.

निकाल पाहून तिनं फोन पालथा ठेवला आणि घरी, लॅबमध्ये सांगून टाकलं, की निकाल लांबलाय. न तपासता दिलेला तिचा हा पहिलाच रिपोर्ट.

"लांबणारच," नमुने घेणारे काका म्हणाले. त्यांची सुई हलकी होती, जीभ नव्हती. "पेपर तपासायला तुलाच बसवलंय की काय?"

सगळे हसले. तीही हसली, आणि नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला तिनं मान खाली घातली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत वर केली नाही.

पुढच्या वर्षीचं वेळापत्रक तिनं आलेखाच्या कागदावर चार रंगांत आखलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. घड्या केलेले कपडे ठेवायला गेलेल्या वहिनीला ते दिसलं. एरवी ती नावानं हाक मारायची. काही सापडलं की मात्र 'वन्सं'.

"वन्सं, यात झोप कुठंय?"

"कशात?"

"बेरीज केली मी. दिवसाचे सव्वीस तास होतात. आणि निकाल लागायच्या आधीच पुढच्या वर्षीचा अभ्यास मांडणारं माणूस मी अजून बघितलं नाही."

ती पलंगाच्या कडेला बसली. "बेचाळीस," तिनं उशीला सांगितलं.

कितीपैकी, हे वहिनीनं विचारलं नाही. टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. "सकाळ मोकळी हवी. सहा ते दहा. बाकीचे रंग खोड. दुपारची पाळी मागून घे."

"कारण विचारतील."

"विचारतीलच. तोंड आहे त्यांना."

पुढचे पाच दिवस तिनं कारणं जुळवली. वहिनीला पाठदुखी देऊन पाहिली, भावाला रात्रपाळी दिली. पण प्रत्येक कारणाला दुसरा प्रश्न होता, आणि दुसऱ्या प्रश्नाला ते टिकत नव्हतं. सहाव्या दिवशी ती लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. बाई सूक्ष्मदर्शकात डोळा लावून बसल्या होत्या, ते बरं होतं.

"बोल."

"मॅडम, तीन-चार महिने दुपारची पाळी हवी होती. परीक्षेचा अभ्यास."

"परीक्षा झाली ना तुझी?"

"झाली. निकालही लागला. तीन आठवडे झाले."

बाईंनी डोळा काढला.

"बेचाळीस आले. उरलेल्या सत्तावन्न प्रश्नांपर्यंत पोचलेच नाही. प्रत्येक उत्तर दोनदा काढत होते."

"आणि तुझ्या प्रवेशाच्या शिफारसपत्रात मी लिहिलं, की ही मुलगी पडताळल्याशिवाय पुढं सरकत नाही." बाईंनी चष्मा पुसला. "खरंच निघालं की. मार्कांचं मला काही नाही गं. पण तीन आठवडे आम्हाला थापा मारल्यास? रोज तुझ्या सहीखाली मी न बघता सही करते."



पाळी बदलायचा कागद बाईंनी पुढं सरकवला. त्यात कारणाचा रकाना होता, आणि वशिल्याची कुणी तक्रार करू नये म्हणून तो कागद पाण्याच्या फिल्टरशेजारी सगळ्यांना दिसेल असा लावत. तिनं लिहिलं : प्रवेशपरीक्षा, दुसरा प्रयत्न. बाईंनी कागद ओढला, कारण वाचलं, तारखा वाचल्या, तिचं नावसुद्धा वाचलं, आणि मग सही केली.

सोमवारी काका फिल्टरपाशी पाणी प्यायले, कागद वाचला, आणि "आज गर्दी आहे," एवढंच म्हणाले. त्यांनी टोमणा मारला असता तर तिला चाललं असतं.

मंगळवारी सकाळी सहाला अभ्यास सुरू झाला. वहिनी समोर भाजी चिरत बसली. शेजारी फोन, दर सवा मिनिटाला वाजणारा. वाजला की पुढच्या प्रश्नावर जायचं, मागं बघायचं नाही.

"मागं गेलीस."

"नाही गेले."

"डोळे गेले."

चाळीस मिनिटांत बत्तीस प्रश्न झाले. सव्वीस बरोबर, सहा चूक.

"या वेगानं दोन तासांत अठ्ठ्याहत्तर होतात की!" वहिनी सुरी खाली ठेवून म्हणाली.

डबलबाईंनी त्या सहा उत्तरांवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोनचा गजर पुन्हा लावला.