मेलेल्याने चहा आणायचा

सोमवार, सकाळ, तळोज्याचं आमचं यार्ड. हजर: टोइंगचे नवे ड्रायव्हर, सगळे. जुन्यांपैकी शिंदे आणि सलीम. मी. गैरहजर: मास्तर.

हजेरी घेणं माझं काम, म्हणून सवयीने तेही नाव घेतलं.

मास्तर शाळेतले नव्हेत. बंद पडलेल्या, ठोकलेल्या गाड्या उचलून नेणारा ट्रक अर्धं आयुष्य चालवलेला सारसोळ्याचा माणूस. तुम्हीही हायवेवर पाहिलं असेल: पिवळा दिवा फिरतोय, एक जण वाकून साखळी लावतोय, आणि आपण हॉर्न मारून पुढे जातो. त्या वाकलेल्या माणसाने संध्याकाळी घरी कसं पोचायचं, हे नव्या पोरांना शिकवायला कंपनीने त्यांना आठवड्यातून एकदा यार्डात बोलावलं, आणि ते मास्तर झाले.

त्यांची पद्धत साधी. भंगारातली एक कार मधोमध उभी करायची. तिच्या उजव्या बाजूला, अगदी लागून, चुन्याची रेघ मारायची. रेघेपलीकडे रस्ता. हुक लावताना, साखळी ओढताना ज्याचा पाय रेघेबाहेर पडला, त्याला मास्तर आवाज न चढवता सांगायचे,

"तू मेलास. जा, सगल्यांना चाय आन."

मेलेल्याने गेटबाहेरच्या टपरीवरून चहा आणायचा, हा यार्डाचा कायदा. कोणी वाद घातला की मास्तर बाकीच्यांकडे बघत विचारायचे, "मेलेला मानूस बोलतो कसा रं?"

एकदा मी सह्या घ्यायला घाईघाईने मधून गेले. मास्तरांनी माझ्या सँडलकडे पाहिलं. "मॅडम, तुमी पन मेल्या. माज्या चायमदी साकर कमी सांगा." आणला मी चहा. ट्रेमधून आणला, तर त्याचीही चेष्टा झाली.

ते स्वतः कधीच मेले नाहीत. पोरांनी प्रयत्न खूप केले. एकदा सलीमने त्यांचा फोन रेघेपलीकडे ठेवून त्यावर रिंग दिली. मास्तर जागचे हलले नाहीत. "घरचा फोन असंल, आन बाबा लवकर," असं इतक्या काकुळतीने म्हणाले, की सलीम धावत गेला आणि मेला. त्या दिवशी चहाबरोबर भजीही त्यालाच आणावी लागली.

शिकवण्यातली एकच गोष्ट ते हसत सांगत नसत. "आदी मानसं रेलिंगच्या पल्याड. मग गाडी. गाडी कुनाची पन असू दे."

गेल्या महिन्यात, भर दुपारी, सानपाड्याजवळ एका कारचा टायर फुटला. मास्तर आणि शिंदे ट्रक घेऊन गेले. मास्तरांनी आधी सगळ्या कुटुंबाला रेलिंगपलीकडे नेऊन सावलीत बसवलं आणि मग डाव्या बाजूने साखळी लावायला घेतली. त्या घरातल्या आजींना आठवलं, गोळ्यांची पिशवी ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात राहिली. मुलगा फोनवर होता. आजी रेलिंगच्या फटीतून निघाल्या आणि कारला वळसा घालून उजव्या दाराशी, रस्त्याच्या बाजूला, जाऊन उभ्या राहिल्या.

मास्तरांनी साखळी सोडली. धावत जाऊन त्यांनी आजींना मागे, कारच्या आडोशाला ढकललं. आजींचा हात मोडला, पण त्या वाचल्या. मागून आलेल्या टेम्पोने मास्तरांना उडवलं.

शिंदे ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसला. एवढंच म्हणाला, "मॅडम, मास्तर रेघेबाहेर गेले."

आम्ही सगळे सारसोळ्याला भेटायला गेलो. घर माणसांनी भरलं होतं, तरी आमच्यासाठी सतरंजी टाकली. दारात त्यांचे बूट होते, पॉलिश केलेले. थोड्या वेळाने मास्तरांची बायको आतून आली. तिच्या हातात ट्रे होता.

"घ्या, चाय घ्या. ते सांगून ठेवायचे, यार्डातली मानसं कवा आली तर चायबिगर सोडू नको."

यार्डाचा कायदा तिला माहीत नव्हता. एकानेही हात पुढे केला नाही. ती गोंधळली. "का वो, तुमी चाय घेत नाय?"

सलीमने पहिला कप उचलला, दोन्ही हातांनी. "घेतो ना, वहिनी," म्हणाला. "मास्तरांचा चहा पहिल्यांदाच मिळतोय." मग आम्ही सगळ्यांनी घेतला. साखर कमी होती.

आज नव्यांचा पहिला वर्ग. कार मधोमध लावून झाली. जॅकेटं वाटली, हेल्मेटं वाटली, साखळ्या तपासल्या. चुना सकाळीच बादलीत भिजवून ठेवलाय. शिंदेला म्हटलं, तुम्ही मारा. तो म्हणाला, सलीमला सांगा. सलीम ट्रकखाली काहीतरी बघतोय, केव्हाचा. नवी मुलं हेल्मेट घालून, कारच्या चारी बाजूंनी, वाटेल तशी उभी आहेत.

रेघ मारायची राहिली आहे.