आधी छत दिसले

“पडदा सुटला आहे,” असे म्हणून डॉक्टर मॅडमनी माझ्या डाव्या डोळ्यावरचा प्रकाश बंद केला. मी विनयपूर्वक त्यांच्या निदर्शनास आणून दिले की मी केवळ चष्म्याचा नंबर बदलून घेण्यासाठी आलेलो आहे.

“काका, नंबराचं नंतर बघू. आज काही जड उचलायचं नाही, प्रवास करायचा नाही. उद्या सकाळी दाखल व्हा. ऑपरेशन उद्याच करावं लागेल.”

ज्या बंधुभगिनींवर हा प्रसंग येईल, त्यांच्या माहितीसाठी सर्व हकीकत क्रमाने लिहीत आहे. सदर आजारास रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. रेटिना म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला पातळ पडदा. ओल लागलेल्या भिंतीवरून कागद सुटत जावा, तसा तो सुटत जातो. त्याच्या मध्यावर मॅक्युला नावाचा एक ठिपका असतो. वाचन त्या ठिपक्याने होते.

“तो ठिपका अजून चिकटलेला आहे,” मॅडम म्हणाल्या, “पण सुटण्याच्या बेतात आहे. सुटला तर वाचता येईल याची खात्री देता येणार नाही.”

माझा उजवा डोळा लहानपणापासून मंद आहे. त्यास लेझी आय म्हणतात, म्हणजे डोळा शाबूत आहे, परंतु मेंदूने त्याला कामावर घेतलेलेच नाही. सबब माझे सारे वाचन डाव्या डोळ्यावर चालते. मी पिंपरीत कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देतो. शिक्षण नववीपर्यंत झाले आहे, परंतु माझ्या हातचा मसुदा पाहून वकील मंडळीही तो कोणी केला याची चौकशी करतात. आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचण्याचा मानही माझ्याकडेच आहे. डावा डोळा गेला असता तर टेबल गेले असते आणि वाचनपीठही गेले असते. दोहोंपैकी कशाने अधिक घाबरलो, हे मला त्या खुर्चीत सांगता आले नसते.

लक्षणे अगोदरपासून होती. डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे होई. मग काळे ठिपके तरंगू लागले. पुढे डावीकडून काळसर पडदा ओढल्यासारखे झाले. मागच्या रविवारी शास्त्रपाठ वाचताना प्रत्येक ओळीचा आरंभच दिसेना. पाठांतर असल्याने मी तो स्मरणाने म्हणत गेलो. घरी आल्यावर माझी पत्नी रूथ म्हणाली, “अहो, आज तुम्ही दोन ठिकाणी शास्त्रात नसलेलं वाचलंत.” ती बाकावर बसून ओळीवर बोट ठेवून ऐकत असते. मी तिला अक्षर बारीक असल्याचे सांगितले. वाचकांस विनंती की वीज चमकली, ठिपके दिसले किंवा पडदा आला, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ऑपरेशन शनिवारी होते. शुक्रवारी संध्याकाळी मी रूथला रविवारच्या उपकारस्तुतीची वाक्ये सांगितली. आमच्या मंडळीत कोणी आजारातून उठला की घरच्यांपैकी एकाने उपासनेत उभे राहून कारण जाहीर सांगायचे आणि देवाचे उपकार मानायचे, अशी रीत आहे. माझे शब्द येणेप्रमाणे होते: माझ्या पतीचा डोळा देवकृपेने पूर्ण बरा झाला, त्याबद्दल उपकारस्तुती.

“अहो, आधी ऑपरेशन तर होऊ द्या.”

“मसुदा नेहमी अगोदर तयार ठेवावा,” मी म्हणालो. “शिवाय विश्वास म्हणजे तरी काय? मिळाले असे धरून बोलणे.”

हे दुसरे वाक्य माझ्या मेहुण्याचे, विल्सनचे. तो चाकणला वाहनांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि तिथल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या प्रार्थनासभेला जातो. त्या सभेत आजार गेला असे जाहीर करणे, हेच बरे होणे मानतात. एरवी मी विल्सनच्या बोलण्याला फारसे वजन देत नाही. परंतु त्या संध्याकाळी ते वाक्य हाताशी आले आणि मी ते वापरले.

ऑपरेशनला व्हिट्रेक्टमी म्हणतात. डोळ्याच्या पोकळीतला चिकट द्रव काढतात, पडदा जागेवर बसवतात, लेझरने त्याच्या फाटक्या कडा डागतात आणि आत वायूचा बुडबुडा सोडतात. तो बुडबुडा पडद्याला भिंतीशी दाबून धरतो. डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन भाग बधिर करतात. दुखत नाही. कापडाखाली यंत्राची बारीक गुणगुण ऐकू येते आणि डॉक्टर परिचारिकेजवळ काय मागतात, तेही ऐकू येते.

बाहेर आणल्यावर मॅडम म्हणाल्या, “काम चांगलं झालंय. आता पुढचं काम तुमचं. पालथं राहायचं. जेवताना, बाथरूमला जाताना उठा, तेव्हाही मान खाली. बुडबुडा वर जातो, म्हणून डोळ्याचा मागचा भाग वर पाहिजे. मी सांगेपर्यंत उताणं झोपायचं नाही. आणि बुडबुडा विरेपर्यंत घाट चढायचा नाही, खंडाळासुद्धा नाही. उंचीवर तो फुगतो.”

“डोळा बरा झाला ना?”

“ते आज कोणालाच सांगता येणार नाही. बुडबुडा विरायला काही आठवडे लागतील. मग बघू.”

मी पालथा पडलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रूथने उपासनेत उभे राहून माझी वाक्ये जशीच्या तशी म्हटली. मंडळीने टाळ्या वाजवल्या. परिणामी संध्याकाळी घरी डबा आला नाही, पेढे आले. बऱ्या झालेल्या माणसाच्या घरी डबा कोण पाठवणार? आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी पुढच्या महिन्यातल्या शास्त्रपाठांच्या यादीत माझे नाव घालून टाकले. मी उशीत तोंड खुपसून पडलेला आणि लोक मला माझ्या बरे होण्याबद्दल शुभेच्छा देत होते. त्या आठवड्यात मी माणसे पायांवरून ओळखायला शिकलो. मंद उजव्या डोळ्याला फरशीवरचे पाय तेवढे दिसत.

असेच एकदा कंपनीचे पायमोजे समोर आले. विल्सन पहिल्या शिफ्टवरून थेट आला होता.

“दाजी, स्तुती असो! बरे झालात ना? मग तोंड लपवून का पडलाय?”

“बरे नाही झाले अजून,” रूथ म्हणाली. “वायू भरलाय डोळ्यात.”

“ताई, तूच रविवारी उभी राहून सांगितलंस की.”

“यांनी पाठ करून घेतलं, मी म्हटलं. आता तूही डोकं खाऊ नकोस. पाणी हवंय?”

त्याने तांब्याभर पाणी एका दमात पिऊन पुन्हा मागितले. मग खाली बसला. “दाजी, पुढच्या पंधरवड्यात रविवारी संध्याकाळी शेडमध्ये मोठी सभा आहे. तुम्ही नुसतं उभं राहायचं आणि तुमच्या त्या भारी भाषेत सांगायचं, पूर्ण बरा झालो. लोक उठून उभे राहतील बघा. आणि डोळ्यात घालायचे हे थेंब बंद करा. एका हातात विश्वास, दुसऱ्या हातात बाटली, कसं चालेल?”

“तुझ्या नाकावरचा चष्मा काढ आधी,” रूथ म्हणाली, “मग माझ्या नवऱ्याचे थेंब बंद कर.”

“ताई, चष्म्याची गोष्ट वेगळी.”

“का? तुझा आहे म्हणून?”

मला हसू आले, पण पालथ्या माणसाला धड हसताही येत नाही. त्याच वेळी त्याच्या उजव्या पायमोज्याचे टोक ओले आणि पिवळट दिसले. आत अंगठ्याला कापड गुंडाळलेले होते.

“विल्सन, अंगठ्याला काय झालं?”

“काही नाही दाजी. सेफ्टी शूज लागला. भरेल.”

“शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना?” रूथने विचारले.

“शुगर गेली माझी. शेडमध्ये जाहीर केलंय मी.” त्याने पाय आखडून घेतला. “दाजी, येणार ना?”

खरे सांगायचे तर त्या निमंत्रणाने मी सुखावलो होतो. आमच्या चर्चमध्ये मी दुसऱ्याचे शब्द वाचतो. तिथे शेकडो लोक माझे शब्द ऐकणार होते. विचार करून कळवतो, असे मी म्हणालो.

मला वाचता येत नसल्याने त्या दिवसांत रूथ मला शास्त्र वाचून दाखवत असे. आम्ही क्रमाने वाचतो, आवडीचे निवडून वाचत नाही. ती सावकाश वाचते आणि अवघड नावाशी थांबते. एरवी मी तिला पुढे ढकलत आलो आहे, परंतु पालथे पडल्यावर माणसाला घाई कसली? विल्सन गेल्यानंतर नेहमीच्या क्रमात त्या आंधळ्याचा भाग आला, ज्याच्यावर प्रभूने दोनदा हात ठेवले. पहिल्यांदा हात ठेवल्यावर प्रभू त्याला काही दिसते का, असे विचारतो. आणि तो मनुष्य सांगतो की माणसे दिसतात, परंतु ती झाडांसारखी, चालताना दिसतात.

हा भाग मी वाचनपीठावरून कितीदा वाचला असेल! दर वेळी मी त्या मधल्या वाक्यावरून भरभर शेवटच्या स्वच्छ दृष्टीकडे गेलो होतो.

“रूथ, पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचले आणि थांबली. “प्रभू समोर उभा असताना त्यानं सांगितलं, नीट दिसत नाही म्हणून,” ती म्हणाली. “मी असते तर भीतीनं म्हटलं असतं, सगळं दिसतं.”

तो मनुष्य खोटे बोलला असता, तर दुसऱ्यांदा हात ठेवले गेले असते का? शास्त्रात तसे लिहिलेले नाही, म्हणून मी सांगणार नाही. एवढेच लिहिलेले आहे की त्याने दिसले ते सांगितले, प्रभू त्याच्यावर रागावला नाही आणि त्याने पुन्हा हात ठेवले. माझ्या मसुद्यात दुसऱ्यांदा हात ठेवायला जागाच ठेवलेली नव्हती.

मॅडमनी मान वर करण्यास परवानगी दिल्यावर मी पहिल्याच रविवारी चर्चला गेलो. संध्याकाळी मला चाकणला घेऊन जाण्यासाठी विल्सनही येऊन बसला होता. बुडबुडा डोळ्यात वर तरंगतो, परंतु रुग्णाला तो उलटा, खाली साचलेल्या पाण्यासारखा दिसतो आणि विरत जाईल तसे ते पाणी ओसरते. त्या पाण्याच्या रेषेच्या वर थोडे दिसते, खाली सारे हलते, धूसर. उपकारस्तुतीच्या वेळी मी उभा राहिलो.

“पाळकसाहेब व बंधुभगिनींनो, माझ्या डोळ्याबद्दल या जागी जे सांगितले गेले, ते माझे शब्द होते आणि ते घाईचे होते. माझा डोळा बरा झालेला नाही. मला आज छत दिसते. पंख्याची वरची दांडी दिसते. क्रूसाचा वरचा भाग दिसतो. आपण सर्वजण पाण्यात आहात. जेवढे दिसते तेवढ्याबद्दल मी देवाचे उपकार मानतो. बाकीचे दिसेल की नाही, मला ठाऊक नाही.”

मागच्या बाकावर कोणीतरी कुजबुजले, “मग पेढे कशाचे पाठवले आपण?” हशा पिकला. मला वाटले, माझी पत गेली. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, “भाऊ, पुढच्या रविवारी पुन्हा विचारू. दर रविवारी विचारू. तुम्ही दिसेल ते सांगा, आम्ही थांबू.”

बाहेर विल्सनने मोटारसायकल सुरू केली. “दाजी, संध्याकाळी शेडमध्येही हेच सांगणार?”

“हेच.”

“मग राहू द्या,” म्हणाला आणि एकटाच गेला.

त्याच संध्याकाळी डबे यायला सुरुवात झाली. आणि दर रविवारी पाळकसाहेब विचारू लागले, “भाऊ, आज काय दिसतं?” सारे चर्च मान वळवून माझ्याकडे पाही. पाणी ओसरत गेले. पंख्याची पाती दिसली. खिडकीच्या चौकटी दिसल्या. मग उंच माणसांची डोकी वर आली. “आमचा नंबर कधी?” असे बुटकी माणसे बाहेर विचारू लागली. त्यानंतर बाकांवर बसलेल्या बायका आणि सर्वांत शेवटी सतरंजीवर पुढे बसलेली मुले दिसली. याच क्रमाने मी त्या मंडळीत मोठा होत होतो, असे मला आज म्हणावेसे वाटते. पूर्वी मी तिथे वर्षानुवर्षे उभा होतो, वाढत मात्र नव्हतो.

बुडबुडा विरला. ठिपका वाचला होता. नवा चष्मा मिळाला. सरळ रेष अजून मध्ये किंचित वाकडी दिसते आणि पुढे मोतीबिंदू होण्याचा संभव आहे, असे मॅडमनी स्पष्ट सांगितले आहे. मी मोठ्या अक्षरांच्या प्रतीतून शास्त्रपाठ वाचतो. अडलो तर थांबतो. रूथ बाकावरून शब्द सांगते. स्मरणाने काही भरत नाही.

अलीकडेच विल्सन माझ्या टेबलापाशी आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभा राहिला. नंतर हळूच म्हणाला, “दाजी, ती तुमची डॉक्टर शुगरवाल्यांचे डोळे बघते का? कंपनीत मापाच्या गेजवरचे आकडे दिसेनात मला. पुढच्या मशीनवरचा भाऊ सांगतो, मी लिहितो.” मी टेबलावर कापड टाकले आणि त्याला रिक्षात बसवले. आधी अंगठ्याची मलमपट्टी करून घेतली, रक्त तपासायला दिले. मग त्याच प्रतीक्षाकक्षात आम्ही बसलो, जिथे मी चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून बसलो होतो.

आत त्याला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवले. त्याच्या आधीचा रुग्ण तीच अक्षरे मोठ्याने म्हणून गेला होता आणि दार उघडे होते. विल्सनने पहिल्या दोन ओळी बरोबर सांगितल्या. तिसरीला त्याचे डोळे बारीक झाले आणि ओठ हलू लागले. आठवत होता, हे मी ओळखले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“विल्सन, दिसेल तेवढंच सांग.”

त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग म्हणाला, “पुढचं नाही दिसत, मॅडम.”

“बरं झालं सांगितलंत,” मॅडम म्हणाल्या आणि त्याच्या डोळ्यात थेंब घालण्यासाठी पुढे आल्या. “आता उपचार सुरू करता येतील.”

देवाचे उपकार.