मागच्या सीटचा पट्टा

काशीमीऱ्याच्या त्या वर्कशॉपमध्ये एअरबॅगचं काम म्हटलं की उर्मिला शिगवण, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. आधी बॅटरीची वायर सोडून थोडं थांबायचं, पिवळ्या वायरींना टेस्टर लावायचा नाही, काढलेली बॅग झाकण अंगापासून लांब धरून न्यायची आणि टेबलावर झाकण वर करूनच ठेवायची, हे सगळ्या मेकॅनिकांना तिनंच ओरडून ओरडून शिकवलेलं. "उलटी ठेवलेली फुटली तर थेट छतावर जाऊन आदळेल," हे तिचं वाक्य गाड्या धुणाऱ्यांनाही पाठ होतं. बाई मेकॅनिक म्हणून सुरुवातीला हसलेले लोकच पुढं तिला विचारल्याशिवाय स्टिअरिंग उघडेनासे झाले.

मग निशिगंधा आली. डिप्लोमा झालेली, हसरी, गुजराती गिऱ्हाइकाशी गुजरातीत आणि ट्रकवाल्यांशी हिंदीत बोलणारी. तिला कामात काही येत नसतं तर उर्मिलानं तिला लेकीसारखं जवळ केलं असतं. पण ती एकदा सांगितलेलं लगेच उचलायची. मॅनेजर पराग सर आता फ्लोअरवर आले की सरळ तिच्याकडं वळायचे. "निशी, ही गाडी बघ ना जरा." ते ऐकलं की उर्मिला हातातला पाना ट्रेमध्ये आपटायची.

"तुझा भार हलका झाला की, बरंच झालं," पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या घरी तिचा नवरा चंदन म्हणायचा.

"तुला नाही कळायचं," म्हणत ती पोळी जरा जोरातच लाटायची.

निशिगंधाच्या हातून गेलेली गाडी उर्मिला गुपचूप तपासायला लागली. एखादं कनेक्टर नीट न बसलेलं सापडावं, एखादा बोल्ट सैल निघावा, असं तिला अगदी मनापासून वाटायचं. काही सापडायचं नाही, आणि ती अजूनच जळायची.

अशातच जेसल पार्कच्या नानासाहेब वाघमाऱ्यांची गाडी तयार झाली. त्यांच्या मुलानं ती हायवेवर डिव्हायडरला ठोकली होती. पुढच्या बॅगा, पुढचे पट्टे, सगळं निशिगंधानं नवं बसवलं होतं. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल इशारा-दिवाही विझला होता. नानासाहेब आणि त्यांच्या पत्नी वैजयंताबाई गाडी न्यायला आले ते नांदेडला लग्नाला निघायच्या घाईतच. वैजयंताबाई मागं बसल्या आणि सीटबेल्टवर हात फिरवत म्हणाल्या, "ह्यानंच वाचवलं मला. मागं बसून पट्टा लावते म्हणून पोरगा हसायचा."

उर्मिला तिथूनच चालली होती. ती थबकली.

"काकू, जरा बघू?"

तिनं पट्टा ओढला. वरच्या कडीतून जातो तिथं तो घासून, वितळून चकचकीत झाला होता आणि कडेला चुण्या पडल्या होत्या. अपघातात एकदा माणसाला धरून ठेवलेला पट्टा ताणला जातो. तो बदलावाच लागतो. ह्या गाडीत मागच्या पट्ट्याला दिव्याची जोडणीच नव्हती, त्यामुळं दिवा त्याबद्दल काही सांगणार नव्हता.

सापडली! उर्मिलाच्या मनात असा आनंद उसळला की तिला हसूच दाबावं लागलं. आणि मागोमाग दुसरा विचार आला. गप्प बसले तर? गाडी जाऊ दे. पुढं कधी हे उघडकीला आलं तर निशिगंधाचं नाव कायमचं जाईल.

वैजयंताबाईंनी पट्टा लावला. नानासाहेबांनी गाडी सुरू केली.

"बंद करा गाडी, काका!" उर्मिला ओरडलीच.

पराग सर धावत आले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मागचा पट्टा बदललेला नाही. निशिगंधानं बघितलाच नाही."

निशिगंधा हात पुसत पुढं आली. "बघितला होता, ताई. पार्ट येईपर्यंत गाडी थांबवू, असं मी सरांना म्हटलं होतं."

पराग सर चाचरले. "अरे, लग्नाला जायचंय त्यांना. परत आल्यावर लावून देऊ म्हटलं. मागचाच तर पट्टा आहे." मग ते उर्मिलाकडं वळले, अगदी पूर्वीसारखे. "तू सीनिअर आहेस. तूच सांग, तेवढ्यापुरतं चालेल ना?"

किती दिवसांत त्यांनी तिला असं विचारलं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी ती पुन्हा पहिली झाली असती. निशिगंधा खाली बघत उभी होती. हिची चूक इथंही निघाली नाही, हे उर्मिलाला सलत होतं.

"नाही चालणार, सर," ती म्हणाली. मग निशिगंधाकडं न बघताच, "निशी बरोबर बोलतेय."

नानासाहेब चिडले, पण भाच्याच्या गाडीनं नांदेडला गेले. पराग सर उर्मिलाशी बरेच दिवस तुटक वागले. पार्ट आला तेव्हा पट्टा तिनं स्वतःच बसवला आणि जुना कापून टाकला, परत कुणी वापरू नये म्हणून.

"ताई, मी एकदा बोलून गप्प बसले," शेजारी उभी निशिगंधा म्हणाली. "तुम्ही नसता तर गाडी गेली असती."

"हो, बसलीस गप्प," उर्मिला म्हणाली. निशिगंधाची एवढी तरी चूक मिळाली होती, ती तिनं सोडली नाही. "पुढच्या वेळी चावी काढून खिशात टाकायची. मग ओरडू दे कुणाला ओरडायचं ते."

लग्नाहून परतल्यावर वैजयंताबाई नानासाहेबांबरोबर गाडी न्यायला आल्या. त्यांनी नवा पट्टा ओढून बघितला आणि लग्नातल्या लाडवांचा डबा निशिगंधाच्या हातात दिला. "पोरी, तुझ्यामुळं गं. गाडी थांबवा म्हणून तूच आधी सांगितलं होतंस."

"अहो काकू, मी नाही, ह्या ताईंनी..." निशिगंधा म्हणेपर्यंत गाडी रस्त्याला लागलीसुद्धा.

"आण इकडे तो डबा," उर्मिला म्हणाली, आणि सगळ्यात मोठा लाडू आधी स्वतःला काढून घेतला.