अप्पांचा नोटीस बोर्ड

सकाळचा पेपर आला की आमच्या उदगीरच्या वाचनालयाचे ग्रंथपाल शिवलिंगअप्पा त्यातलं नोकरीच्या जाहिरातींचं पान काढून घ्यायचे, त्याची घडी करून खुर्चीवर ठेवायचे आणि वर स्वतः बसायचे. पान हवं असेल तर अप्पांकडे मागावं लागे आणि अप्पा सहजासहजी उठत नसत. आधी उद्योगाच्या कपाटातली एखादी पुस्तिका वाचायची, काय कळलं ते त्यांना सांगायचं, मग पान. गावातली बेकार पोरं म्हणायची, "अप्पा नोकऱ्या उबवायलेत."

मीही त्या पानासाठीच गेलो होतो. आयटीआयमधून वेल्डिंग शिकून आलो होतो. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, गावात वेल्डिंगचं दुकान एकच आणि तिथं माणसाची गरज नव्हती. पुण्याला जाण्यावाचून मार्ग दिसत नव्हता. घरात आई एकटी, तिचे गुडघे पार गेलेले. तिला सोडून जायचं मनात आलं की घास गोड लागत नसे.

पुण्यातल्या जाहिराती बघायच्यात म्हटल्यावर अप्पांनी मला खालून वर न्याहाळलं. "काय येतं तुला?"

"वेल्डिंग."

"मंग पुण्याला कशापाई? हितलं लोखंड सरलं का?"

त्यांनी कपाटाकडे बोट केलं.

ते कपाट म्हणजे अप्पांचा जीव. लातूर नवा जिल्हा झाला तसे तिथल्या नव्या कचेऱ्यांमध्ये लघुउद्योगांच्या माहितीपुस्तिकांचे गठ्ठे येऊन पडू लागले. ते नेणारं कुणी नव्हतं. अप्पा एसटीनं जायचे आणि पिशव्या भरून आणायचे. मेणबत्ती, खडू, दोरखंड, शेतीची अवजारं, काय वाट्टेल ते. "जिल्हा नवा हाय, साहेबलोक नवे हायत," ते म्हणायचे, "कपाटाला कुलूप लावायचं अजून शिकले न्हाईत. तवर आणून घिऊ." कपाटासमोर भिंतीवर ठळक अक्षरांत 'शांतता राखा' असं लिहिलेलं होतं आणि त्याच्याखाली बसून सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा माणूस अप्पाच होते.

त्यांच्या या कपाटानं घोळही घातले. एका उन्हाळ्यात कपडे धुण्याच्या पावडरीची पुस्तिका इतकी हातोहात फिरली, की गल्लोगल्ली पावडरीचे कारखाने निघाले. नळाला पाणी नाही, लोक अंगावरचा सदरा आठवडाभर बदलत नव्हते, आणि जो तो पावडर विकत दारोदार हिंडतोय! अप्पांनी सगळ्या कारखानदारांना वाचनालयात बोलावलं. चिडतील असं वाटलं होतं, पण ते पोट धरून हसले. "पुस्तकात पावडर करायची रीत असती रे. गावात पाणी हाय का न्हाई, ते आपून बघायचं असतं." मग एकेकाला काय बिघडलं ते सगळ्यांसमोर सांगायला लावलं. व्यापाराच्या गावात धंद्यातलं नुकसान चारचौघांत सांगणं म्हणजे इभ्रतीचा प्रश्न, पण अप्पांपुढे लोक सांगायचे.

मी लोखंडी कामाची पुस्तिका काढली. तिच्यात दोन चाकांच्या ढकलगाडीचं रेखाचित्र होतं. त्याच सुमारास नगरपालिकेची नोटीस आली. वस्त्यांमध्ये पाणी पोचवायला पिंप बसवलेले ढकलगाडे हवे होते, बनवून देणाऱ्यांनी अर्ज करावेत. अप्पांनी ती बाहेरच्या बोर्डावर लावली, टाचणी नीट बसली का ते पाहिलं आणि आत येऊन बसले.

ती वाचून मी हरखलो आणि लगेच गारही पडलो. कारण गावातलं ते एकुलतं वेल्डिंगचं दुकान अप्पांच्या मुलाचं, राजूचं होतं. दुष्काळात त्याच्याकडेही काम उरलं नव्हतं.

"अप्पा, राजूभाऊ अर्ज करणार असतील तर मी करत न्हाई."

"त्याला वाचता येतं," अप्पा म्हणाले. "बोर्ड रस्त्यावर हाय. तू तुजं बघ."

"पण घरी सांगितलं असेल ना तुम्ही?"

"नोटीस लायब्ररीची हाय. मी ती घरी न्यायची असती का?"

राजू कधी वाचनालयाकडे फिरकत नसे. बापाचं ठिकाण, तिथं काय जायचं! मुदत संपली, राजूचा अर्ज नव्हता. काम मला मिळालं. उसन्या मशीनवर मी गाडे जोडले, एकाचं चाक वाकडं बसलं तर अप्पांनी तेही वाचनालयात सगळ्यांपुढे सांगायला लावलं. त्या कामावर माझं दुकान उभं राहिलं आणि मी आईजवळ राहिलो. राजूनं मात्र शटर ओढलं आणि बायकोमुलांना घेऊन सोलापूर गाठलं. अप्पांच्या घरी म्हाताराम्हातारी दोघंच उरली. माझ्या दुकानाचा आवाज त्यांच्या अंगणात ऐकू जायचा, त्याचं मला फार वाईट वाटे. अप्पा तो विषय काढू देत नसत.

पुढं बऱ्याच वर्षांनी अप्पा अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो तेव्हा राजू आलेला होता, बापाला पेज भरवत होता. एरवी त्यांचं घरातलं बोलणं कानडीत चाले. त्या दिवशी, मी बसलो होतो म्हणून की काय, अप्पा मराठीत म्हणाले, "राजू, ती गाड्याची नोटीस. माजं चुकलं का रे?"

राजूनं चमचा वाटीत ठेवला. मला उठून जावंसं वाटत होतं, पण उठता येईना.

"बोर्डावर लावली ते बराबर केलं अप्पा," तो म्हणाला. "तिथं माजा हक्क जास्त नव्हता. पन आपून रोज ताटाला ताट लावून जेवत होतो. 'बोर्डाकडं एक चक्कर मार,' एवढं तरी म्हणायचं होतं. परक्या पोरांला सांगत होता की."

अप्पांनी मान राजूकडे वळवली.

"हाव," ते म्हणाले. "तेवढं म्हणाया पाहिजे होतं."

जन्मभर दुसऱ्यांना चुका बोलायला लावणाऱ्या अप्पांच्या तोंडून ते ऐकताना मला भडभडून आलं. राजूनं पंच्यानं त्यांची हनुवटी पुसली आणि म्हणाला, "घ्या, पेज निवायली."